आधी मरावं वायरनं

टाइप-सी जॅकच्या तोंडात टॉर्च मारून डोकावलं, की मधोमध एक काळी चपटी जीभ दिसते. तिची जाडी ०.७ मिलिमीटर. पूर्ण जॅकमध्ये तिच्या वर-खाली मिळून २४ सोनेरी पट्ट्या, आणि लगतच्या दोन पट्ट्यांच्या मध्यांत अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. वीस हजारांच्या फोनला लागणारी सगळी वीज या एवढ्याशा जिभेवरून आत जाते. ती तुटली की फोन म्हणजे नुसती काच.

कागदावर मात्र ही जीभ चिवट आहे. प्रमाणकाप्रमाणे टाइप-सी दहा हजार वेळा लावता-काढता आली पाहिजे. रोज तीनदा धरलं तरी नऊ वर्षं होतात. मग जळगावच्या गोलाणी मार्केटात दुरुस्तीच्या काउंटरपुढे गर्दी का? अमळनेर-धुळ्याकडचं गिऱ्हाईक दीड वर्षाचा फोन पुढे सरकवत "भाऊ, चार्जिंगना जॅक ढिला व्हई गया" असं का म्हणतं? कारण ती दहा हजारांची परीक्षा यंत्र घेतं. पिन सरळ आत, सरळ बाहेर. यंत्र पोटावर फोन ठेवून रील बघत नाही. भुसावळहून सुटलेल्या पॅसेंजरमध्ये डब्यातल्या प्लगला फोन वायरीवर लोंबकळत ठेवत नाही. आणि यंत्राच्या खिशात कपाशीचं तूस नसतं.

तुसापासूनच सुरुवात करू, कारण 'ढिल्या' जॅकांतले बरेचसे ढिले नसतातच. वेचणीच्या दिवसांत खिशात रुईचे तंतू, काळ्या मातीची धूळ आणि कापडाचा भुगा साठतो. हे सगळं जॅकमध्ये शिरतं आणि पिन लावताना दर वेळी आणखी आत ठासलं जातं. तळाशी नमद्यासारखा घट्ट थर बसतो. पिन अर्धा मिलिमीटर कमी आत जाते, तिची पकड बसत नाही आणि जरा धक्का लागला की चार्जिंग तुटतं. ओळखायचं सोपं आहे: पिन लावल्यावर तिच्या धातूची कड फोनच्या बाहेर नेहमीपेक्षा जास्त दिसते.

फोन बंद करायचा. लाकडी टूथपिक ब्लेडने तासून चपटी करायची, जिभेच्या वरच्या आणि खालच्या फटीत तळापर्यंत घालून कडेकडेने भुगा ओढून काढायचा. जिभेवर जोर द्यायचा नाही. सुई आणि सेफ्टी पिन घरातच राहू द्यावी. ती सोन्याचा पातळ मुलामा खरवडते, मग उघड्या पडलेल्या धातूवर गंज धरतो. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीची वाफ आत जाते. चिकट मळ असेल तर ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश बुडवून, झटकून, हलका फिरवायचा आणि पंधरा मिनिटं वाळू द्यायचं. रॉकेल-पेट्रोल नको.

फवारणीच्या दिवसांत दुसरा शत्रू येतो, ओलावा. घाम असो वा टाकीतलं पाणी, त्यात क्षार असतात. ओल्या जॅकमध्ये चालू चार्जर लावला की शेजारच्या दोन पट्ट्यांमधून वीज वाहते आणि पाच व्होल्टची पट्टी आधी हिरवी-काळी पडू लागते. फोनने ओलाव्याची सूचना दिली तर जॅक खाली करून पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवावा. तांदळाच्या डब्यात नको. तांदळाची पूड आत जाऊन नवीन कचरा तयार होतो.

आता मूळ मुद्दा. हे सगळे जॅक बनवणाऱ्यांनी एका प्रश्नावर बराच विचार केला आहे: झिजायचं कोणी? जुन्या मिनी यूएसबीची मर्यादा पाच हजार वेळांची होती. २००७ साली मायक्रो यूएसबी आली तेव्हा पकड धरणारे स्प्रिंगचे हूक फोनमधून काढून वायरच्या पिनेत घातले आणि मर्यादा दहा हजारांवर गेली. २०१४ च्या टाइप-सीत हेच तत्त्व आणखी पुढे नेलं. झिजणाऱ्या, वाकणाऱ्या स्प्रिंगा वायरच्या पिनेत आणि फोनमध्ये फक्त न हलणारी जीभ. आयफोनच्या लाइटनिंगचं २०१२ पासून २०२३ पर्यंत उलट होतं. पिन भरीव, स्प्रिंगा फोनच्या पोटात. दिसायला ती पिन मजबूत होती हे मान्य, पण झीज महागड्या बाजूला होती.

म्हणजे टाइप-सीत वायर सैल होणं हा बिघाड नाही, ठरवून दिलेलं मरण आहे. आपण ते होऊ देत नाही. सैल पिनेखाली कागदाची घडी सारतो, रबरबँड गुंडाळतो, एका कोनात वाकवून उशीखाली दाबतो, 'आता पकडलं' म्हणून हळूच हात काढतो. केळीच्या मळ्यात मोटारीच्या किटकॅट फ्यूजमधली तार वारंवार उडते म्हणून कोणी जाड तार घालतं आणि मग मोटारच जळते, तसला हा प्रकार. शंभर-दोनशेची वायर वाचते आणि तो सगळा तिरका जोर जिभेवर आणि जॅक बोर्डाला धरून ठेवणाऱ्या डाखावर (सोल्डरवर) येतो. जॅकच्या पत्र्याचे चार पाय बोर्डातल्या भोकांतून आरपार जात असतील तर तो बराच तग धरतो. ते नुसते वरून डाखलेले असतील तर एक दिवस तांब्याच्या पट्टीसकट उखडतात. मायक्रो यूएसबीचे कितीतरी टॅबलेट याच दुखण्याने गेले.

तेव्हा तपासणीचा क्रम ठरलेला असावा: आधी दुसरी वायर, मग दुसरा अ‍ॅडॉप्टर, मग साफसफाई, आणि शेवटी जॅकवर संशय. दुकानात नेमकं उलटं घडतं. नवी, चांगली वायर घट्ट बसत असेल आणि हलक्या हाताने हलवल्यावर चार्जिंग तुटत नसेल तर जॅक ठीक आहे. एका बाजूने लावल्यावर चार्जिंग होतं आणि पिन उलटी केली की होत नाही, असं असेल तर पलीकडे काय जोडलं आहे हे ओळखणाऱ्या, सीसी नावाच्या दोन पट्ट्यांपैकी एक मळली किंवा तुटली आहे. अशा वेळी साफसफाई एकदा तरी करून पाहावीच.

'वायर चालते आहे ना' यावरही विसंबू नये. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. जाऊन-येऊन ०.४२. दोन अँपिअर वाहिले की एक मीटरच्या वायरीतच पाऊण व्होल्टहून जास्त गळतात, आणि पाचापैकी सव्वाचारच्या आतच फोनपर्यंत पोचतात. २४ गेजची, म्हणजे जाड तार असेल तर तीच गळती एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास राहते. स्टँडबाहेरच्या टोपलीतल्या तीन मीटरच्या रंगीत वायरी फोन रात्रभर का भरतात, याचं उत्तर इथे आहे. मळलेल्या जॅकचं गणित याहून वाईट. संपर्काच्या जागी ०.३ ओहम रोध आणि तीन अँपिअर धरले तर २.७ वॉट उष्णता त्या एवढ्याशा जिभेवर निघते. पिनेचं प्लास्टिक पिवळं पडलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर वायर त्याच दिवशी फेकायची. ती घरातल्या दुसऱ्या कोणाला देऊ नये; अशा पिना एका जॅकचा रोग दुसऱ्याला लावतात.

मे महिन्यात वेगळीच गंमत. पारा पंचेचाळीस ओलांडतो, दुपारी फोन चार्जिंग घेणं थांबवतो किंवा अगदी हळू घेतो आणि दोष जॅकवर जातो. लिथियम बॅटरी साधारण पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून फोन स्वतःच हात आखडता घेतो. कव्हर काढून, माठाजवळच्या गार फरशीवर ठेवून पाहावं. रात्री सगळं सुरळीत असेल तर काउंटरवर पैसे देण्याचं कारण नाही.

आणखी एक फसवी तक्रार: रात्री पाणी भरायला जाताना डोक्याला लावायची बॅटरी. तिला टाइप-सी जॅक असतो, पण फोनच्या नव्या चार्जरवर, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीने, ती चार्जच होत नाही. जुन्या चौकोनी टोकाच्या वायरीने होते. बनवणाऱ्याने सीसी पट्टीवरचे ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. ते नसले की नवा चार्जर समोर काही आहे हे ओळखतच नाही आणि वीज सोडत नाही. दोन रेझिस्टर म्हणजे काही पैशांचा माल. याला मी काटकसर म्हणणार नाही, हा सरळ आळस आहे. अशा बॅटरीसाठी एक जुनी वायर राखून ठेवावी.

जॅक खरोखर गेलाच असेल तर पहिला प्रश्न: तो वेगळ्या सब-बोर्डवर आहे की मेन बोर्डवरच? सब-बोर्ड असेल तर मागचं झाकण गरम करून उघडायचं, स्क्रू, पट्टी, नवा बोर्ड, पाऊण तासाचं काम. फक्त नकली सब-बोर्डवर फास्ट चार्जिंगचा भाग अनेकदा गाळलेला असतो, म्हणून तो बसवण्याआधी विचारावं. जॅक मेन बोर्डवर असेल तर कारागिराचा हात बघावा. शिसं नसलेला डाख २१७ अंशांच्या पुढे वितळतो. जाणता माणूस त्यात १८३ अंशांना वितळणारा शिशाचा डाख मिसळून तापमान उतरवतो, आजूबाजूला उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावतो आणि मगच गरम हवा मारतो. घाई करणारा सरळ हवा वाढवतो, आणि शेजारचा माइक भाजून निघतो.

युरोपात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनच्या बाबतीत कंपनीने चार्जिंगचा जॅक सुटा भाग म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांना द्यायचा नियम लागू आहे, मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं. आपल्याकडे तो भाग काउंटरमागच्या डबीत मिळतो, पण कोणत्या प्रतीचा हे डबीवर लिहिलेलं नसतं. म्हणून फोन परत घेताना तिथेच उभं राहून पिन दोन्ही बाजूंनी लावून बघावी, फास्ट चार्जिंगची खूण येते का पाहावं, एक फोन लावून आवाज पलीकडे नीट जातो का विचारावं, आणि जॅकभोवतीचं रबराचं कडं परत बसवलं आहे ना, हे झाकण चिकटवण्याआधी बघून घ्यावं.