उसनी साखर, मागून आणलेली शिडी

गेल्या महिन्यात एका कराराचा मराठी अनुवाद करताना मी एका विशेषणापाशी अडकलो. शब्द होता ‘फंजिबल’. कंपनी कामासाठी जी माणसं पुरवेल ती ‘फंजिबल’ असतील, असं त्या कलमात लिहिलं होतं. म्हणजे आज एक येईल, उद्या त्याच्या जागी दुसरा, आणि समोरच्याने कुरकुर करायची नाही. अर्थ कळला होता, मराठी सुचत नव्हतं. ‘परस्परबदलयोग्य’ लिहून पाहिलं आणि माझं मलाच हसू आलं.

कानाला हा शब्द बुरशीचा भाऊबंद वाटतो. फंगस, फंजिबल. पण नातं काही नाही. लॅटिनमध्ये ‘फुंगी’ म्हणजे नेमून दिलेलं काम पार पाडणं. ‘फंक्शन’ त्यातूनच आला, आणि काम आटोपून बंद पडलेला तो ‘डीफंक्ट’ही. दुसऱ्याच्या जागी उभं राहून त्याचं काम करणं, अशा अर्थाच्या वाक्प्रयोगावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘फुंगीबिलिस’ घडला. पुढे वकिलांनी तो सांभाळला, अर्थशास्त्राने उचलला. चारचौघांच्या कानावर मात्र तो आला २०२१मध्ये, तोही नकार लावून. एनएफटी, म्हणजे नॉन-फंजिबल टोकन, डिजिटल वस्तूच्या मालकीची अशी नोंद जिच्या जागी दुसरी चालत नाही. त्या वर्षी क्रिस्टीजच्या लिलावात अशा टोकनासह एक डिजिटल चित्र ६ कोटी ९० लाख डॉलरच्या वर गेलं, आणि कॉलिन्स शब्दकोशाने ‘एनएफटी’ला वर्षाचा शब्द ठरवलं. आधी ‘अशक्य’ शिकावा आणि मग ‘शक्य’ म्हणजे काय ते विचारत फिरावं, असा प्रकार.

‘रिप्लेसेबल’ घेऊन भागलं असतं का? मला नाही वाटत. फुटलेल्या काचेच्या जागी नवी काच बसते, ती रिप्लेसेबल. चहा नसला तर कॉफी चालते, तो पर्याय झाला. पण कॉफी पिणाऱ्याला आपण चहा पीत नाही आहोत हे घोटाघोटाला कळत असतं. फंजिबलमध्ये तेवढीही जाणीव उरत नाही. मणभर गहू गेला, त्याच प्रतीचा मणभर गहू परत आला, हिशेब मिटला. माझे दाणे कुठे गेले, हा प्रश्नच विचारायचा नाही.

रोमन कायद्यात हा भेद फार जुना. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये मोजून, मापून किंवा तोलून द्यायच्या वस्तूंच्या कर्जाला वेगळं नावच आहे, ‘म्यूटुअम’. धान्य, तेल, वाइन, नाणी हे सगळं त्यात येतं. घेणाऱ्याने ते खुशाल संपवायचं आणि तेवढंच, तसंच परत करायचं. ‘मेउम’ म्हणजे माझं, ‘तुउम’ म्हणजे तुझं. माझं ते तुझं होतं म्हणून म्यूटुअम, अशी व्युत्पत्तीही तिथे दिली आहे. भाषाशास्त्र ती मानत नाही. न मानो, मला आवडली.

हे वाचता वाचता ध्यानात आलं, की हा भेद आपण रोज बोलतो. शेजारून साखर आपण ‘उसनी’ आणतो. शिडी ‘मागून’ आणतो. ‘उसनी शिडी’ निदान माझ्या कानाला खटकते, कारण उसनं आणलेलं संपवायचं असतं आणि शिडी संपत नाही. तीच शिडी, तिच्या मोडक्या पायरीसकट, परत द्यावी लागते. इंग्रजी माणूस दोन्हीकडे ‘बॉरो’च करतो, मग भेद दाखवायला त्याला लॅटिनचं दार ठोठवावं लागतं. (जाता जाता, आपण उसनं अवसानही आणतो. ते कुणाकडून आणतो आणि मापात कधी परत करतो, देव जाणे.)

नोटांचं प्रकरण याहून मजेदार आहे. प्रत्येक नोटेवर स्वतःचा नंबर असतो, म्हणजे दोन नोटा कधीच सारख्या नसतात. तरी पैसा हे फंजिबलचं पहिलं उदाहरण. १७४९मध्ये एडिनबर्गच्या कोर्टात हाच वाद आला. क्रॉफर्ड नावाच्या वकिलाने वीस पौंडांच्या दोन नोटा टपालाने पाठवल्या होत्या. माणूस सावध, नंबर टिपून ठेवले, नोटांवर सहीही केली. नोटा वाटेतच गडप झाल्या आणि पुढे त्यांतली एक रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडकडे सापडली. ही बघा माझी सही, म्हणाला. कोर्टाने नोट बँकेकडेच राहू दिली. प्रामाणिकपणे घेतलेल्या नोटेचा पूर्वीचा धनी शोधत बसलं तर चलन चालणार कसं?

क्रॉफर्डबद्दल मला सहानुभूती आहे, कारण माझ्याकडे एक काळी छत्री आहे. तीन पावसाळे मी ती माझी म्हणून वापरली. एकदा काडी बसवताना आतल्या बाजूला बारीक अक्षरांत कुणा दुसऱ्याची आद्याक्षरं दिसली. कुठल्या तरी कार्यक्रमाच्या दाराशी अदलाबदल झाली असणार. कायद्याच्या पुस्तकात वापरलेली छत्री फंजिबल नसते. पण तीन वर्षं मला पत्ता नव्हता आणि माझी छत्री नेणाराही काही शोधत आला नाही. तेव्हा पुस्तकाचं काय घेऊन बसलात!

करारासाठी शेवटी ‘ऐवजी’ हाताशी आला. मूळ अरबी ‘इवज’, म्हणजे बदल्यात आलेली वस्तू, भरपाई. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि त्याच्या दोन वाटा झाल्या. ‘ऐवजी’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी, आणि ‘ऐवज’ म्हणजे कपाटातलं किडूकमिडूक, चोर लंपास करतात तो. बदली माल आणि मौल्यवान माल एकाच शब्दाच्या पोटात. बातमीतला ‘लाखोंचा ऐवज’ वाचताना हे कुणाला आठवत नाही, आणि तेच बरं.

मी लिहिलं, ‘एका व्यक्तीऐवजी दुसरी व्यक्ती देता येईल आणि त्यामुळे कामात फरक पडला असे मानले जाणार नाही.’ ‘फरक पडणार नाही’ असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. फरक पडेलच, तो मानायचा नाही एवढंच करार सांगू शकतो.

अनुवाद पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की आधीच्या मॅडम आता हे काम पाहत नाहीत, यापुढे पत्रव्यवहार माझ्याशी करावा. बाकी मजकूर ओळखीचा होता. ‘आपल्या तत्पर सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार’ ही मॅडमची ओळसुद्धा जशीच्या तशी. खालचं नाव तेवढं वेगळं.