तुम्ही विचारलंत म्हणून : चित्र कुठून घेऊ?

‘घरात एखादं पारंपरिक चित्र लावायचंय, पण पैसे खरोखर चित्रकाराच्या हातात पडतील असं कुठून घेऊ?’ हा प्रश्न मला वरचेवर येतो. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्यामुळे एखाद्या दुकानाचं नाव सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. पण मी उलट विचारते, कोणाचं घेताय? उत्तर येतं, ‘वारली’ नाहीतर ‘मधुबनी’. आता वारली ही जमात आणि मधुबनी हा बिहारमधला जिल्हा. चित्र काही अख्खी जमात किंवा अख्खा जिल्हा काढत नाही, कुणीतरी एक बाई किंवा एक बाप्या काढतो. त्या माणसाचं नाव कळेपर्यंत खरेदी करू नका, एवढंच माझं उत्तर आहे. बाकीचं त्याचा विस्तार.

वारली चित्रांना पूर्वी नावाची गरज नव्हती. लग्नघरी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकोनी चित्र, लिहायच्या, मधोमध त्यांची पालघट देवी. कोणी लिहिलाय हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊकच. भिंत सोडून चित्र बाहेर पडलं आणि तो ठाऊकपणा मागे राहिला. आज त्रिकोणी अंगाची माणसं कुर्त्यावर, मगवर, हॉटेलच्या भिंतीवर नाचतात. ती संगणकावर कोणालाही काढता येतात, आणि त्यातला रुपयाही डहाणू-तलासरीकडे जातोच असं नाही. वारलीला भौगोलिक मानांकन आहे. पण ते नावाचं रक्षण करतं, मगवरच्या माणसाला सहज अडवू शकत नाही. शैली विकत घेतलीत तर पैसे छापणाऱ्याला मिळतात.

अर्थात, या कला भिंतीवरच राहायला हव्या होत्या असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मिथिलेच्या, म्हणजे मधुबनीकडच्या, बायका कागदावर रंगवू लागल्या त्याच मुळी पोटासाठी. 1966-67 च्या बिहारमधल्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाने तिथे रोजगार म्हणून हे काम सुरू करवलं. त्यासाठी मंडळाने पाठवलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी. पुढे सत्तरच्या दशकात वारल्यांच्या पाड्यांवर कागद घेऊन पोहोचले तेही हेच. (दोन्हीकडे एकच माणूस! आपल्याकडे त्यांची आठवण फारशी निघत नाही.) मदत म्हणून सुरू झालेलं हे काम मोठं झालं ते मात्र एकेका हाताची ओळख पटली म्हणून. मधुबनीत जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी ही नावं झाली. वारल्यांमध्ये डहाणूतल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे लग्नाची वाट न बघता रोज रंगवत राहिले. त्यांनी काढलेलं मासेमारीचं जाळं पाहिलं की दुसरा कोणीही असं काढणार नाही हे कळतं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मधुबनीजवळच्या रांटीच्या दुलारीदेवींची गोष्ट तर विलक्षण आहे. चित्रकार महासुंदरीदेवींच्या घरी त्या धुणीभांडी करायच्या, तिथेच रंगवायला शिकल्या आणि 2021 मध्ये स्वतः पद्मश्री झाल्या.

हात ओळखायला वेळ लागतो, पण गोंड आदिवासींच्या चित्रांपासून सुरुवात केलीत तर सोपं जाईल. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे जनगढ सिंह श्याम भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रामुळे पुढे आले, आणि त्यांच्या पद्धतीला ‘जनगढ कलम’ असंच म्हणू लागले. त्यांच्यानंतरच्या चित्रकारांनी आकृतीच्या आतली भरण आपापली ठरवून घेतली. कोणी ठिपके, कोणी चंद्रकोरी, कोणी बारीक आखूड रेघा. हरणाच्या पोटात काय भरलंय ते बघायचं. सही तिथे असते.

किमतीवरून घासाघीस करू का, हे दबक्या आवाजात विचारलं जातं. मी करत नाही. ओडिशातल्या रघुराजपूरचा पट, म्हणजे कापडावरचं चित्र, घ्या. आधी सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूची पूड चढवायची, वाळवायचं, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं. शंखाचा पांढरा, काजळीचा काळा, हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा. एवढं झाल्यावर चित्राला हात लागतो. यातले कितीतरी दिवस घरातल्या बायकांचे असतात आणि किंमत सांगताना ते कोणी धरत नाही. परवडत नसेल तर लहान पट मागा, मोठ्याचा भाव पाडू नका. सांगून करवून घेणार असाल तर निम्मे पैसे आधी द्या. सोफ्याचा रंग सांगायला हरकत नाही, फक्त फोनवरचं दुसऱ्याचं चित्र पाठवून ‘डिट्टो असं’ म्हणू नका.

छापील माल ओळखायचा तर एकाच चित्रातल्या दोन सारख्या आकृत्या शेजारी शेजारी ठेवून बघा. हाताने काढलेल्या दोन मोरांच्या माना तंतोतंत जुळत नाहीत. कलमकारीत, म्हणजे आंध्रातल्या कापडावरच्या चित्रकामात, मात्र जपून: मच्छलीपट्टणमचे लाकडी ठसे ही जुनी, अस्सल कारागिरी आहे, तिला नकली ठरवू नका. कलमाने काढलेलं हवं असेल तर श्रीकालहस्तीचं मागा.

आणि काही चित्रं नुसती विकत घेऊन भागत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी म्हणजे पोथी; एकेक चित्र पुढे धरत ठाकर कलाकार रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगतात. तिथल्या परशुराम गंगावणेंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यातलं एक पान चौकटीत घालून लावलंत तर छान दिसेल, पण कथा गप्प होईल. सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रावर जो खर्च होतो त्यातून एक संध्याकाळ चित्रकथीला द्या. बिदागी आधी ठरवा, साथीदारांचा प्रवास आणि राहणं वेगळं धरा, आणि ‘तुमची प्रसिद्धी होईल’ हे वाक्य तेवढं टाळा.