शुगर बॉर्डरवर आली आणि मी आधी दूधच सोडलं (माझा अनुभव)

मागच्या वर्षी जूनमध्ये ऑफिसच्या तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ६.२ आली, उपाशीपोटीची ११२. डॉक्टर म्हणाले हा डायबेटिस नाही, तो ६.५ पासून धरतात, ५.७ ते ६.४ म्हणजे त्याच्या आधीची पायरी, गोळी नको, खाणं आणि चालणं बघा, परत या. बाहेर पेशंटची रांग होती, विषय तिथंच संपला. माझं वय ४१ आणि आमच्या आप्पांना पंधरा वर्षं शुगर आहे, त्यांच्या पायाची जखम किती दिवस भरत नव्हती ते मी बघितलंय, त्यामुळे खरंच घाबरले होते.

घरी सांगितलं तर सगळ्यांचं एकच, दूध बंद कर. आत्याचा फोन, जाऊबाई, शेजारच्या काकू... दुधात साखर असते, त्यात म्हशीचं म्हणजे विषच. माझं माहेर कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातलं, दारात दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारं घर, कोल्हापुरात गंगावेशीत समोर पिळलेलं धारोष्ण दूध आप्पांचं बोट धरून प्यायलेली मी. तरी सोडलं. दूध, दही, ताक सगळं.

दीड महिना काढला तसा. कोरा चहा कडू लागायचा म्हणून साखर दोनाची तीन चमचे झाली, जेवणात ताक नाही म्हणून जेवल्यासारखं वाटेना, मग चार वाजता बिस्किटं, आणि घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची शुगर ११४, ११५, एकदा तर ११८. मला रडूच आलं त्या दिवशी, एवढं सोडूनही वाढतेच कशी.

मग एका मैत्रिणीनं आहारतज्ज्ञ मॅडमकडे नेलं. त्यांनी दूध किती पिता हे विचारलंच नाही आधी, विचारलं दूध कशाबरोबर घेता. मी सांगत गेले, दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे दूध सोडायच्या आधीचं हं, रविवारी बासुंदी नाहीतर श्रीखंड-पुरी, रात्री साखर घालून दूध. नुसत्या चहाची साखर ४० ग्रॅमच्या आसपास निघाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि जमलं तर २५ च्या आत ठेवा म्हणते, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनीच सांगितलं स्वतः मोजून बघा. एका सकाळी उपाशीपोटी २०० मिली बिनसाखरेचं दूध, आधी १०८, तासाभरानं १२१. दुसऱ्या दिवशी दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा आणि चार बिस्किटं, आधी १०६, तासानं १५८. आता हे एका बाईच्या बोटावरचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण मला डोळ्यासमोर दिसलं. दुधात लॅक्टोज, म्हणजे दुधाची स्वतःची साखर, असतंच, पेलाभर दुधात ९-१० ग्रॅम, पण सोबत प्रथिनं असतात आणि त्यातली काही इन्सुलिन सुटायला मदत करतात. दह्यात तर जिवाणू त्यातलं थोडं लॅक्टोज खाऊन आंबट करून टाकतात.

वाचलंही बरंच. प्युअर नावाचा मोठा अभ्यास आहे, २१ देश, त्यात भारतही, त्यातला दूधदुभत्यावरचा भाग २०२० मध्ये आला, रोज दोनदा तरी दूधदुभतं खाणाऱ्यांत डायबेटिसचं प्रमाण कमी दिसलं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, मार्च २०२४ मध्ये दह्याबद्दल, तेही पुरावा मर्यादित आहे असं स्पष्ट लिहून, तसा दावा करायला परवानगी दिली. म्हणजे संबंध दिसलाय, दह्यानंच डायबेटिस टळतो असं सिद्ध झालेलं नाही, दही खाणारी माणसं बाकीचंही नीट खात असतील. हे मॅडमनी मला दोनदा सांगितलं कारण मी लगेच दह्याचं भांडंच घेऊन बसायला निघाले होते! आणि म्हशीच्या दुधात कॅलरी भरपूर, १०० मिलीला १०० च्या आसपास, त्यामुळे किती प्यायचं याला माप हवंच.

मग असं ठरलं, सकाळी बिनसाखरेचं दूध एक पेला, साय काढून, दुपारी घरी लावलेल्या दह्याची वाटी नाहीतर ताक, चहा दोनच आणि साखर अर्धा चमचा, पुढं तीही गेली. श्रीखंड फक्त पाडव्याला. शिवाय रोज ४० मिनिटं चालणं. नोव्हेंबरात तीन महिन्यांची शुगर ५.८ आली, वजन चार किलो उतरलं. डॉक्टर म्हणाले यात वजनाचा आणि चालण्याचा वाटा मोठा असणार, आणि मलाही ते पटतं. पण दूध ठेवून शुगर खाली आली हे मला आत्याला फोन करून सांगायचंच होतं, सांगितलं.

आप्पांच्या रात्रीच्या दुधातली साखर मात्र मी त्यांच्या डॉक्टरांना विचारून बंद केली. पहिले आठ दिवस पेला तसाच ठेवायचे ते. आता पितात, वर जरा वेलची मागतात.