डिफ लॉक कधी सोडायचं, हे मला पाणंदीनं शिकवलं

मुळशीत आमची भातखाचरं आहेत. डांबरी सोडली की घरापर्यंत पाऊण किलोमीटर पाणंद. जुलैत पाय रुतला की चप्पल आतच राहते. म्हणून 2022 मध्ये फोर्सची गुरखा घेतली: फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी, शिवाय पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलला (चाकांच्या जोडीच्या आसाला) डिफ लॉक, म्हणजे त्या जोडीची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवणारं कुलूप.

पहिल्याच पावसात अडकलो. फोर हाय, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा नेहमीच्या वेगाचा गिअर, लावलेलं होतं, तरी तिरक्या चरात पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक नुसतं गरगरत होतं, उरलेली दोन ढिम्म. फोर बाय फोरनं इंजिनाचा जोर पुढच्या ॲक्सललाही जातो, एवढंच. ॲक्सलवरचं साधं डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जुळणी, दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं आणि तो किती, हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. अधांतरी चाकाला जोर लागतच नाही, मग जमिनीवरच्यालाही मिळत नाही.

फोर लो, म्हणजे कमी वेगाचा पण जास्त जोराचा गिअर, टाकलं, दोन्ही लॉक लावली, ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवला. गाडी सावकाश वर आली. मला फार आनंद झाला आणि त्याच आनंदात वळणावर लॉक तशीच राहिली. स्टिअरिंग जड झालं. चाकं वळलेली दिसत होती, गाडी मात्र सरळ बांधाकडे चालली. कशीबशी थांबवली.

काका धावत आले. "ट्रॅक्टरचं डिफ लॉक दाबून मी कधी वळतो का रे?" चिखलणीत चाक फिरायला लागलं की ते टाचेखालचं पेडल दाबतात, ट्रॅक्टर निघाला की सोडतात. लहानपणापासून पाहत होतो, पण विचारलं कधीच नव्हतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. लॉक ते कापू देत नाही.

डांबरीवर हीच गोष्ट ॲक्सलची होते, कारण फोर हायमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडलेले असतात. फोर हायमध्येच पंपावर वळलो, तर गाडी कुणी मागून धरल्यासारखी आखडली, टायर घासले, फोर हायचा लिव्हर निघेना. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबून जातात. चिखलात ती घसरून फरक भरून काढतात, कोरड्या रस्त्यावर तो ताण शाफ्टमध्ये साठतो. सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घेतल्यावर लिव्हर सुटला.

बांधालगतच्या आडव्या, निसरड्या उतारावर मी मागचं लॉक लावत नाही. लॉक नसताना एक चाक फिरलं तरी दुसरं गाडी धरून ठेवतं. लॉकमध्ये दोन्ही एकदम सुटतात आणि मागची बाजू खाचराकडे घसरते.