तंजावर, ताई आणि वाटणीचा विषय

ताईबरोबर फिरायला जायचं तर एक अट असते. दुपारी जेवण झालं की चार वाजेपर्यंत ती कुणाचीच नसते. बाहेर देऊळ हजार वर्षांचं असो नाहीतर कालचं, ती पंख्याखाली. एरवी मी यावर कटकट करतो, पण तामिळनाडूत गाभारेसुद्धा दुपारी बंद होतात. त्यामुळे यावेळी माझी बाजू लंगडी पडली. "बघ, देव पण झोपतो," म्हणाली आणि कूस बदलली.

कुंभकोणम, दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम एकाच दिवसात टॅक्सीने उरकलं. असं उरकू नये. मला आता दारासुरमच्या मंडपाची दगडी चाकं आणि कुंभकोणमची पितळी डबऱ्यातली कॉफी एवढंच आठवतं, त्यातही कॉफी जास्त.

खरं तर तंजावरला मला एकच गोष्ट बघायची होती. बृहदीश्वराच्या प्राकारात इथल्या मराठा राजाने, सरफोजीराजांनी, 1803 मध्ये कोरून घेतलेला मराठी शिलालेख. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्यात भोसले घराण्याचा सगळा इतिहास आहे. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास बांधून पुरं केलेलं, दोनशे फुटांहून उंच शिखराचं देऊळ समोर असताना हा माणूस भिंतीकडे काय धावतोय, असं लोकांना वाटलं असणार. धावतच होतो, कारण चपला बाहेर आणि वेळ अकराची. काथ्याची पट्टी संपली की पुढचा दगड म्हणजे निव्वळ तवा. ताई माझ्यामागे टाचांवर उड्या मारत, पुण्यातल्या माझ्या सगळ्या नियोजनाचा उद्धार करत आली.

अक्षरं देवनागरी आहेत, स्वच्छ आहेत, आणि तरी भराभर वाचता येत नाहीत. ओळी सलग जातात, शब्द कुठे तोडायचा ते आपण ठरवायचं. दहा मिनिटं डोळे ताणल्यावर 'राजे' आणि 'भोसले' सोडून फारसं हाती लागेना. आजूबाजूला सगळी तामिळ कुटुंबं आणि मधेच भिंतीला नाक लावून उभे आम्ही दोघं. मला गहिवरून वगैरे आलं. ताईला नाही.

"हे व्यंकोजीचे वंशज ना? शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ?"

"हो."

"आणि महाराजांनी त्यांच्याकडे शहाजीराजांच्या दौलतीतला अर्धा हिस्सा मागितला होता."

हो, 1677 साली, दक्षिणेच्या स्वारीत. भेट झाली, बोलणी फिसकटली, व्यंकोजी रात्रीतून निघून गेले, मग लढाई, मग तह. मी हे सगळं उत्साहाने सांगत गेलो आणि सांगता सांगता लक्षात आलं की ती शिलालेखाकडे बघतच नाहीये, माझ्याकडे बघतेय. कोकणातलं घर. बाबा गेल्यापासून तो विषय आम्ही दोघांनीही फोनवर, दिवाळीत, तेराव्याला, सगळीकडे टाळला होता. मला ते विकायचंय. तिला विकायचं नाही, पण तिथे जाऊन राहायचंही नाही.

"तहात काय ठरलं?" तिने विचारलं.

"व्यंकोजींची बायको दीपाबाई, तिला बंगळूर दिलं. चोळीबांगडीसाठी."

"बंगळूर! चोळीबांगडीला!" ती एवढ्या जोरात हसली की शेजारच्या आजी वळून बघायला लागल्या. "आणि तू मला म्हणतोस, फणसाचं झाड आणि विहिरीकडची बाजू घे."

त्या उन्हात, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, आम्ही पहिल्यांदा त्या घराबद्दल सरळ बोललो. ठरलं काहीच नाही.

दुपारी (झोपेनंतर, अर्थात) राजवाड्यातला सरस्वती महाल. ग्रंथालयाची पोथ्यांची खरी दौलत आपल्याला दिसत नाही, दिसतं ते छोटंसं संग्रहालय. तिथे माणसांचे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून साम्य दाखवणारी युरोपियन चित्रं आहेत. ताईने मला त्यातला कुठला प्राणी दिला ते इथे लिहिणार नाही. राजवाड्याबद्दल तक्रार एवढीच की भिंतींना प्रेमाने कुणी हात लावून बरीच वर्षं झालेली दिसतात.

संध्याकाळी पुन्हा देवळात गेलो, यावेळी काही न बघायला. हेच आधी करायला हवं होतं. दगड निवलेले असतात, हिरवळीवर गावातली माणसं पोराबाळांसकट पसरलेली असतात. कुणी घाईत नसतं. एक गाईड एका घोळक्याला सांगत होता की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. तो, घोळका आणि आम्ही, सगळे त्याच सावलीत होतो. शेजारच्या कुटुंबाने न विचारता चिंचेच्या भाताचा द्रोण पुढे केला. आम्हाला तामिळ येत नाही, त्यांना मराठी नाही, पण त्या बाईंनी "अक्का?" असं ताईकडे बोट करून विचारलं, तेवढं कळलं. मी मान हलवली.

ताई भात संपवून आडवी झाली. डोळे मिटल्यावर म्हणाली, "मे महिन्यात ये गुहागरला. आधी कौलं बघू, मग विकायचं बघू. आणि तिकडे दुपारी मला उठवायचं नाही."