तुम्ही विचारलंत म्हणून: नक्की सुटलात कधी?

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या तरी मुंजीत, नाहीतर इथे न्यू जर्सीत ओक ट्री रोडवर भाजी घेताना हा प्रश्न हमखास येतो. आधी हवापाणी होतं, मग आवाज जरा खाली येतो. "मग, सुटलात कधी?" विचारणाऱ्याला एक तारीख हवी असते. माझ्याकडे चार आहेत, आणि कुठली सांगावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आधी गुन्हा सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला आडून आडून विचारायला नको. माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. न झालेल्या भेटींची बिलं मी मेडिकेअरला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याला, लावली. कुणी फसवलं नाही, कुणी अडकवलं नाही. ४१ महिन्यांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका फेडरल कॅम्पात, म्हणजे केंद्र सरकारच्या कमी बंदोबस्ताच्या तुरुंगात, मी स्वतः जाऊन हजर झालो.

१७ महिन्यांनी तिथून बाहेर पडलो तेव्हा सांगलीत काकांनी जाहीर करून टाकलं की पोरगा पॅरोलवर सुटला. काकांना काय सांगणार! नोव्हेंबर १९८७ नंतरच्या फेडरल गुन्ह्यांना इथे पॅरोलच नाही. चांगल्या वागणुकीचे वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस कापले जातात. शिवाय २०१८ च्या 'फर्स्ट स्टेप' कायद्याने, आत वर्ग आणि कामं केली तर दर ३० दिवसांमागे १० किंवा १५ दिवस पदरात पडतात. फर्लो हा शब्द मात्र इथेही आहे, पण त्याची गंमत वेगळी. आपल्याकडे फर्लो म्हणजे संचित रजा. कैदी घरी येतो, चार दिवस राहतो, परत जातो. माझ्या हातात दिलेला फर्लोचा कागद म्हणजे एका कोठडीतून निघून दुसऱ्या कोठडीत आपल्या पायांनी हजर होण्याचा परवाना होता. सकाळी ८:३० ला निघा, दुपारी १२:३० ला हाफवे हाऊसच्या, म्हणजे शिक्षेचे शेवटचे महिने जिथे काढायचे त्या वसतिगृहाच्या, दारात पोचा. मध्ये कुठे जायचं नाही.

माझी बायको गाडी घेऊन आली होती. मांडीवर फडक्यात बांधलेली थालीपीठं आणि दह्याचा डबा. मी तीन थालीपीठं कधी संपवली ते मलाच कळलं नाही. "कुणी काढून घेत नाहीये," ती म्हणाली. मग बराच वेळ दोघंही गप्प. आमच्या घराकडे जाणारा फाटा आला तेव्हा घड्याळात ११:३५ झाले होते. तिथून घर दहा मिनिटांवर. तिने इंडिकेटरच्या दांडीला हात लावला, एवढंच. दांडी खाली केली नाही. फाटा मागे गेला. तिथे वळलो असतो तर कागदोपत्री काय झालं असतं हे दोघांनाही माहीत होतं.

हाफवे हाऊस म्हणजे घर, असं नावावरून वाटतं. एका गोदामवजा वस्तीतली ती दोन मजली इमारत होती. अशी घरं सरकार स्वतः चालवत नाही, ठेकेदार संस्था चालवतात. कैदी मात्र सरकारचाच, नंबरही तोच. दारात आधी नळीत फुंकायचं, मग पिशवी उलटी करायची, मग कपात लघवी, मग सह्या. त्या सह्यांच्या गठ्ठ्यात एक कागद होता: मी खसखस खाणार नाही. वाचून हसू आलं. पण खसखस खाल्ली की लघवीच्या तपासणीत अफू दिसू शकते, आणि तिथे "अहो, अनारशाची होती" हे कोण ऐकून घेणार?

ज्यांच्या घरचं माणूस आत आहे ते मला विचारतात, "हाफवेला पाठवतायत, म्हणजे आता सुटलाच ना?" त्यांना मी जरा कठोरपणे सांगतो की मला कॅम्प सोपा गेला. कॅम्पला तर कुंपणही नव्हतं. दुपारी चारची उभी मोजणी सोडली तर दिवस आपला असायचा. मी रोज पाच मैल चालत होतो. हाफवेत पहिले दोन आठवडे दाराबाहेर पाऊल टाकता आलं नाही. सहा जण एका खोलीत, आणि खिडकी उघडायची नाही. त्यानंतर नोकरी शोधायला बाहेर जायचं, तर कुठे, कोणाकडे, कोणत्या बसने, किती वाजता परत, हे सगळं आधी लिहून द्यायचं. खोलीतला एक तरुण शेवटची बस चुकली म्हणून तीन तास उशिरा आला. दुसऱ्या दिवशी त्याची गादी गुंडाळून ठेवलेली दिसली. परत आलाच नाहीत तर कायद्याच्या भाषेत ते पलायनच. भिंत नसली तरी तुरुंग फोडल्याचाच गुन्हा.

नोकरी मिळाली ती एका गुजराती वाणसामानाच्या गोदामात. न्यू जर्सीत २०२३ साली किमान वेतन तासाला १४.१३ डॉलर होतं, मला तेवढंच. मी कोण आणि कुठून आलो हे मालकाला माहीत आहे ना, याची हाफवेच्या लोकांनी फोन करून खात्री केली. मालक त्यांना म्हणाले, "मला माहीत आहे. त्याला उद्या पाठवा, आट्याचा ट्रक आलाय." त्या एका वाक्याचा मी आजही ऋणी आहे. आठवड्याचे ५६५ डॉलर व्हायचे. त्यातली चौथाई, म्हणजे १४१ डॉलर, हाफवेला द्यायची. तीही कर कापायच्या आधीच्या रकमेवर, आणि मनी ऑर्डरने. चौथाई हा शब्द मी मुद्दाम वापरला. इतिहासात मोहिमेवर निघालेल्यांची बाजू शिकलो होतो, भरणाऱ्यांची तिथे कळली.

एक गोष्ट मात्र अशा प्रत्येक कुटुंबाला मी आपणहून सांगतो. २००८ च्या 'सेकंड चान्स' कायद्यात शेवटचे बारा महिन्यांपर्यंत हाफवे देता येईल असं लिहिलंय. सगळी गोम त्या 'पर्यंत'मध्ये आहे. तुमच्या माणसाला बारा मिळतील, चार मिळतील किंवा दोन. केस मॅनेजरने तोंडी सांगितलेल्या तारखेवर तिकिटं काढू नका. माझी मार्चची तारीख जूनला गेली, कारण हाफवेत खाट रिकामी नव्हती. आणि माणूस ग्रीन कार्डवर असेल, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. माझ्याच बराकीत एक पंजाबी ट्रकचालक होता. माझ्यापेक्षा कमी शिक्षा, माझ्यापेक्षा जास्त वर्ग केलेले. पण देश सोडण्याचा अंतिम हुकूम त्याच्यावर निघाला होता आणि अशांना कमावलेले दिवस वापरता येत नाहीत. त्याला हाफवे नव्हतं, फाटाही नव्हता. शिक्षा संपेल त्या दिवशी इमिग्रेशनची गाडी येणार होती. मी निघालो त्या सकाळी माझा शर्ट त्याने इस्त्री केला. मी नागरिकत्वाची शपथ घेतली होती २०११ साली, तीही सासऱ्यांनी फार मागे लागून सोडलं नाही म्हणून. आमच्या दोघांत फरक एवढाच.

उरलेली शिक्षा काढायला ऑक्टोबरात घरी आलो ते पायात पाळतीचं काळं कडं घालून. रोज दोन तास ते चार्ज करायचं, म्हणजे भिंतीतल्या प्लगला माणूस बांधलेला. मुलगी कॉलेजातून आली की म्हणायची, "बाबा चार्जिंगला लागलेत." पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक आधी द्यायचं: गोदाम, डॉक्टर, देऊळ. मागच्या अंगणात तुळशीपर्यंत गेलं तर चालायचं, कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलं की फोन. दर आठवड्याला हाफवेत जाऊन पुन्हा नळीत फुंकायचं आणि कप भरायचा. त्यामुळे १२ नोव्हेंबरच्या दिवाळीला घरातली खसखस शेजारच्या कुलकर्णींकडे गेली. हिने अनारसे रव्यावर थापले. पहिला घाणा तुपात हसला. ती कढईकडे बघत म्हणाली, "रवा धरत नाही गं बाई," आणि एकदम डोळ्याला पदर लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, वायर जेवढी पुरली तेवढा.

कड्याबरोबर लँडलाइनही घ्यावी लागली होती. त्यावर रात्री-अपरात्री फोन यायचा, बहुतेकदा दोनच्या सुमाराला. उचलायचा, नाव सांगायचं, आठ आकडी नंबर सांगायचा, ठेवायचा. एकदा उचलायला उशीर झाला तर पुढचा शनिवार रविवार गेला. म्हणून मी फोन उशाशी घेऊन झोपायला लागलो. ही वरच्या खोलीत जायची, नाहीतर दोघांचीही झोप जायची.

पाडव्याच्या रात्री दोनला घंटा वाजली. मी डोळे न उघडताच उचलला आणि इंग्रजीत घडाघडा नाव आणि नंबर सांगून टाकला. पलीकडून "ठेवा" आलं नाही. नुसता कुठल्या तरी पंख्याचा आवाज, आणि मागे प्रेशर कुकरची शिट्टी.

"अरे, मी आहे," आई म्हणाली. सांगलीत दुपारचे साडेबारा वाजले होते.

"आई, एवढ्या रात्री? काय झालं?"

"काही नाही. तूच म्हणाला होतास ना, दोनला जागा असतोस म्हणून." मग जरा थांबून, "तो आकडा कसला रे सांगितलास?"

मी म्हटलं, "इथला फोन नंबर आहे, आई." तिने तो लिहून घ्यायला कागद मागितला.