१९९१ चे साक्षीदार बोलतायत, पण सगळे नाही

सध्या रात्री जेवणं उरकली की मी १९९१ च्या संकटात निर्णय घेणाऱ्यांच्या आठवणी ऐकत बसतो. शाळेत आपल्याला एवढंच शिकवलं की परकीय चलन संपत आलं, सोनं गहाण टाकलं, मनमोहन सिंगांनी बजेट मांडलं आणि गाडी रुळावर आली. पण त्या माणसांच्या तोंडून ऐकलं ना की कळतं, तेव्हा कशाचीच खात्री नव्हती.

रंगराजन तेव्हा रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर. रुपयाचं अवमूल्यन, म्हणजे परकीय चलनांच्या तुलनेत त्याची किंमत मुद्दाम कमी करणं, दोन टप्प्यांत करायचं ठरलेलं, कोडनेम हॉप, स्किप अँड जंप. १ जुलैला पहिला टप्पा झाला, आरडाओरडा सुरू झाला, पंतप्रधान नरसिंह राव अस्वस्थ झाले. ३ जुलैला सकाळी मनमोहन सिंगांचा रंगराजनना फोन, दुसरा टप्पा थांबवता येईल का? पण नवे दर तर आधीच जाहीर होऊन गेले होते! म्हणजे फोन जरा लवकर लागला असता तर पुढचं सगळं कदाचित वेगळंच झालं असतं, आणि फायलीत काय सापडणार तर फक्त दर आणि तारीख.

सोन्याचंही तसंच. मे महिन्यात यशवंत सिन्हा अर्थमंत्री असताना स्टेट बँकेमार्फत २० टन बाहेर गेलं, ते तस्करांकडून जप्त केलेलं सोनं होतं. मग जुलैत रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण, त्यावर मिळाले ४० कोटी डॉलर. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेल्या वाय. व्ही. रेड्डींनी सांगितलंय की विमानतळाकडे सोनं नेणारी व्हॅन वाटेतच बंद पडली आणि सगळ्यांची तंतरली. रिझर्व्ह बँकेचं सोनं, मुंबईचा रस्ता, आणि गाडी बंद! अंगावर काटा येतो.

आता एवढ्या वर्षांनी सांगताना प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा दिसतो, ते साहजिक आहे, म्हणूनच एकाच प्रसंगाबद्दल चार जणांना विचारायला हवं. पण विचारणार कुणाला? नरसिंह राव २००४ मध्येच गेले, तेव्हाचे गव्हर्नर वेंकिटरमणन २०२३ मध्ये, मनमोहन सिंग २०२४ च्या डिसेंबरमध्ये.

आणि मला खरी तळमळ लागलीय ती वेगळ्याच लोकांची. ते सोनं तिजोरीतून काढणारे, वजन करणारे, पेट्या सील करणारे, व्हॅन चालवणारे, बंदोबस्ताला असलेले पोलीस. हे काम मुंबईत झालं, त्यात कितीतरी मराठी माणसं असणारच, आज सत्तरी-ऐंशीत असतील, डोंबिवलीत नाहीतर गावी. मोठ्या साहेबांच्या मुलाखती इंग्रजीत झाल्या, यांना कुणी मराठीत विचारलं का? घरी काय सांगून निघालात, पेटीत काय आहे ते माहीत होतं का, बंद पडलेल्या गाडीजवळ कोण उभं होतं?

तुमचे बाबा, काका, आजोबा तेव्हा रिझर्व्ह बँकेत किंवा पोलिसात असतील तर प्लीज या रविवारी त्यांच्यासमोर मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बसा, आणि मध्ये मध्ये तोडू नका, त्यांना बोलू द्या.